चिखल डोंगराचा, नाव क्लबाचं

बयो, जुनी बीटल घेतलीस आणि इंग्लंडमधल्या ईस्टरच्या लँड्स एंड ट्रायलला नाव दिलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. तिच्या डोक्यात तू शर्यतीत उतरते आहेस, म्हणून तिची झोप उडाली आहे. तिला आधी नीट समजाव. ही ट्रायल १९०८ पासूनची, ती भरवणारा मोटर सायक्लिंग क्लब १९०१ चा, आणि यात कुणी कुणाच्या पुढे जायचं नसतं. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी निघायचं, रात्रभर साध्या रस्त्यांनी शहाण्यासारखी गाडी चालवायची आणि वाटेत लागणाऱ्या एकेका निसरड्या, खडबडीत चढावर, म्हणजे सेक्शनवर, न अडता वर पोचायचं. सगळे चढ साधले तर सोन्याचं पदक, कुठे चुकलीस तर रुप्याचं नाहीतर ब्राँझचं. भांडण डोंगराशी, माणसाशी नाही.

चढ कसा चढायचा, टायरमध्ये हवा किती ठेवायची, ते मला विचारू नको. ते खातं तुझ्या काकांचं. माझी जागा शेजारची – सीटवर उड्या मारून मागच्या चाकांवर वजन टाकायचं काम माझं. पण त्या जागेवरून रस्त्याकडेचे लोक फार छान दिसतात. रात्री दोन वाजता कुणाच्या खिडकीचा पडदा सरकला, कोण हात करतंय आणि कोण नुसतं कंबरेवर हात ठेवून उभं आहे, सगळं दिसतं. म्हणून मी सांगणार आहे ते तुझी गाडी लोकांना कशी दिसते आणि कशी ऐकू येते त्याबद्दल. ऐकताना हसलीस तरी चालेल, विसरू मात्र नको.

१. निघण्याआधी गाडी धुऊन घे. "परत चिखलातच तर जायचंय" हा आळस नको – चिखलाने माखलेली गाडी गावात शिरली की लोकांना वाटतं, ही कुणाचं तरी शेत तुडवून आली, आणि तू तर अजून निघालेलीही नसतेस.

२. पत्र्याला पोचा असला तर असू दे, पण लोंबणारा पत्रा आणि तारेने बांधलेला बंपर नको – पोचा वयाचा असतो, लोंबणं निष्काळजीपणाचं. तपासणीला उभा असलेला माणूस पहिल्या नजरेतच ठरवतो, आता खाली वाकून किती वेळ बघायचं.

३. रंग तुझ्या आवडीचा दे, फक्त ते सैनिकी ठिपक्याठिपक्यांचं सोंग नको – कच्च्या वाटांवर चोरून जीप घालणाऱ्या काहींना तोच वेश आवडतो, आणि शेतकरी लांबून फरक करत बसत नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर सांगते. १९३० च्या दशकात एमजीच्या छोट्या गाड्यांचा एक संघ या ट्रायल्समध्ये उतरायचा, नाव 'क्रीम क्रॅकर्स'. मलई आणि तपकिरी असा दुरंगी रंग, सगळ्या गाड्या एकसारख्या. बिस्किटाचं नाव घेऊन चिखलात उतरायचं, ही इंग्रजांची गंमत बघ. गाड्या वळणावर दिसल्या की चढावर उभी असलेली माणसं लांबूनच ओळखायची. तुझे काका या संघाच्या जुन्या फोटोंवर जीव टाकतात. मला मात्र त्यातली दुसरी बाजू आधी दिसते. इतक्या ओळखीच्या गाडीने एखाद्याच्या फाटकाला धक्का दिला असता तर "कुठली गाडी?" असं विचारायची गरजच पडली नसती. ओळखीच्या गाडीला टाळी लवकर, तक्रार त्याहून लवकर. तुझी बीटल पिवळीधमक आहे, एवढं ध्यानात ठेव.

४. दाराच्या कप्प्यात एक ओला फडका ठेव आणि प्रत्येक सेक्शननंतर नंबर प्लेट व दिवे पूस – प्लेट वाचता आली नाही तर हजार पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि दंडाचं सोड, झाकलेली प्लेट बघून लोकांना वाटतं, हिला ओळख लपवायची आहे.

५. प्लेटवरची अक्षरं ७९ मिलिमीटर उंचीची, ठरल्या वळणाचीच हवीत. नक्षीदार अक्षरांचा मोह नको, आणि देवनागरी तर नकोच – पुण्यातली हौस पुण्यात ठेव.

६. मागच्या चाकांवर भार यावा म्हणून दोन जादा चाकं मागे टांगशील, टांग. पण ती घट्ट आवळ, आणि दिवा किंवा प्लेट झाकली जात नाही ना, हे दहा पावलं मागे जाऊन बघ – ड्रायव्हरच्या सीटवरून गाडी नेहमीच सुंदर दिसते.

७. आईने पाठवलेली लिंबू-मिरची बांध, पण आतल्या बाजूला – बाहेर लोंबणारी कुठलीही वस्तू पहिल्या चढावर सुटते आणि कुणाच्या तरी कुंपणात कचरा म्हणून सापडते.

८. कवट्या, ज्वाळा, चावट विनोद असले स्टिकर लावू नको – ते तुझ्या मैत्रिणींना हसवतात, पण वाचतात मात्र चर्चला निघालेल्या आजीबाई.

९. मागच्या काचेच्या कोपऱ्यात 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहायचं असेल तर खुशाल लिही, आरशातून मागचं दिसेल एवढ्या बेताने – थांब्यावर कुणीतरी हमखास विचारतं, हे काय लिहिलंय, आणि मग पुढच्या वर्षी तोच माणूस तुला ओळखून हात करतो.

१०. सायलेन्सरला हात लावू नको. उलट थोडा फुटका असेल तर बदल – दिवसा ज्याला दमदार आवाज म्हणतात त्यालाच रात्री गोंगाट म्हणतात. मोठा आवाज चढ चढवत नाही, फक्त गाव उठवतो.

आता थोडं थांब, कारण या सगळ्याच्या मुळाशी जे आहे ते एका ओळीत मावणार नाही.

बकिंगहॅमशायरमध्ये कॉप हिल नावाची टेकडी आहे. तिथल्या सार्वजनिक रस्त्यावर वेगाच्या शर्यती व्हायच्या. मार्च १९२५ मध्ये एक बुगाटी रस्ता सोडून गेली आणि बघायला आलेल्या एका माणसाचा पाय मोडला. जीव गेला नाही, पाय मोडला. पण तेवढ्यावर रॉयल ऑटोमोबाइल क्लबने सार्वजनिक रस्त्यांवरच्या वेगाच्या शर्यतींना परवाने देणं बंद केलं, आणि ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचा तो खेळच संपला. ट्रायल्स टिकल्या, कारण त्यात वेगाची चढाओढ नव्हती. म्हणून आपली गाडी शर्यतीची दिसू नये, यात आपलाच स्वार्थ आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. रस्त्यावर असा कार्यक्रम करायचा तर १९६९ च्या नियमांप्रमाणे आधी परवाना घ्यावा लागतो; तो आता मोटरस्पोर्ट यूके ही संस्था देते. आणि पायवाटेवरून किंवा घोडेवाटेवरून मोटारींची ट्रायल न्यायची तर स्थानिक प्रशासनाचा होकार लागतो. हे १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टमधलं ३३ वं कलम. त्यातली खरी मेख अशी की जमिनीचा मालक आणि ती कसणारा, या दोघांची लेखी संमती असल्याशिवाय प्रशासनाला होकार देताच येत नाही. वर २००६ मध्ये आणखी एक कायदा आला आणि कितीतरी कच्च्या वाटांवरचा मोटारींचा नोंद नसलेला जुना हक्क संपला. म्हणजे बघ, तू ज्या चढावर सोन्याचं पदक मिळवायला निघालीस, तो एका शेतकऱ्याच्या सहीवर उभा आहे. आणि सही देताना तो क्लबाचा इतिहास वाचत नाही. मागच्या वर्षी शेवटून तिसऱ्या गाडीने काय केलं, तेवढं आठवतो. डोंगर कुठे जात नाही, परवानगी जाते.

हे मनात ठेवून पुढचं ऐक.

११. रात्री साडेअकरा ते सकाळी सात वस्तीत हॉर्न वाजवायचा नाही, हा नियमच आहे. मित्र दिसला म्हणून 'पीं' केलंस तरी तो मोडलाच – हॉर्नने वाट मिळते, मन नाही.

१२. जादा दिवे जितके कमी तितके बरे, आणि वस्तीच्या पाटीपाशी ते बंद – झोपलेल्या घराच्या भिंतीवरून तुझा उजेड फिरला की आतल्या माणसाला आधी चोर आठवतो, मग क्लब.

१३. वाटेतल्या डेव्हनच्या गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे माणसापेक्षा उंच बांध. समोरून गाडी आली तर मागे तू घे, रुंद जागा त्याच्या जवळ असली तरी – तो रोज त्या रस्त्याने जातो, तू वर्षातून एकदा.

१४. पहाटे दुधाचा टँकर दिसला तर थांब, हात कर आणि जाऊ दे – त्याला वेळेवर दूध पोचवायचंय, तुला फक्त हौस पोचवायची आहे.

१५. घोडा दिसला की ताशी १० मैलांच्या खाली ये आणि निदान दोन मीटर अंतर राख. बीटलचं इंजिन मागे असल्यामुळे पुढे गेल्यावर लगेच अ‍ॅक्सिलरेटर दाबू नको – घोड्याला तुझा खरा आवाज तू पुढे गेल्यावरच ऐकू येतो.

१६. ईस्टर म्हणजे मेंढ्या व्यायचे दिवस. कुंपणालगत कोकरं दिसली की इंजिन हळू, दारं हळू, आणि 'कित्ती गोड' म्हणून फोटोला उतरणं तर अजिबात नको – आई बिथरली की कोकरू चुकतं, आणि ते शोधत फिरायचं काम शेतकऱ्याचं.

१७. फाटक जसं सापडलं तसंच ठेव, उघडं तर उघडं, बंद तर बंद – तुला जे विसरलेलं वाटतं ते बहुतेक वेळा ठरवून केलेलं असतं.

१८. सेक्शनच्या पायथ्याशी रांग लागते. इंजिन बंद कर, गाणी बंद कर, आणि कुणाच्या घराचं दार अडवून उभी राहू नको – रांगेतल्या प्रत्येकाला आपण पाचच मिनिटं थांबलो असं वाटतं, पण त्या घरासमोरून आधी मोटारसायकली जातात, मग साइडकार, मग गाड्या, आणि त्यात अर्धी रात्र संपते.

१९. टायरमध्ये हवा परत भरायचा पंप ठरवून दिलेल्या जागीच लाव – त्याची ती घरघर बाळांना झोपेतून उठवते. त्यातून बाळ उठलं तर त्याची आई तुझं नाव विचारत नाही, कार्यक्रमाचं विचारते.

२०. पोट बिघडलं तरी बांधाआड जाऊ नको. अधिकृत थांब्यापर्यंत धीर धर, आणि तसं जमावं म्हणून आदल्या रात्री मिसळ खाऊ नको – हे कुणी लिहून देत नाही, म्हणून मी सांगते.

वारीच्या वाटेवरच्या गावांचं तुला ठाऊक आहे. पुढची दिंडी कशी वागली त्यावर मागच्या दिंडीला पाणी कोणत्या चेहऱ्याने मिळेल ते ठरतं. इथेही तसंच. तुझ्यामागे आणखी कितीतरी गाड्या त्याच गल्लीतून येणार असतात, आणि तुझा राग त्यांच्यावर निघतो.

२१. सेक्शनवर गाडी हलेना झाली की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढ – जागच्या जागी फिरणारं चाक वर नेत नाही, खड्डा खणतं. पुढच्या पावसात त्या खड्ड्याची चर होते, आणि ती बुजवायला कुणाचा तरी ट्रॅक्टर लागतो.

२२. मधेच थांबून पुन्हा निघायच्या जागी, म्हणजे रीस्टार्टला, सेक्शनवर लक्ष ठेवणाऱ्या मार्शलच्या इशाऱ्याकडे बघ आणि तो जे लिहील ते गोड मानून घे. वाद चढावर नको, नंतर कागदावर – तो सकाळपासून पावसात फुकट उभा आहे.

२३. मार्शलसाठी चिवड्याच्या छोट्या पुड्या ने, फार तिखट नको – थंडीत कुणी हसून काही दिलं हे लोक वर्षानुवर्षं सांगतात, आणि कागदी पुडी तो खिशात ठेवतो, वाऱ्यावर सोडत नाही.

२४. ब्लू हिल्सला, सेंट अ‍ॅग्नेसजवळच्या त्या जुन्या कथलाच्या खाणींच्या दरीत, गर्दी जमते. तिथे नेहमीपेक्षा एक पट्टी कमीच जोर लाव – इतरत्र चूक झाली तर चार माणसं बघतात, इथे ती फोटोत राहते. आणि वर पोचलीस की लोकांना हात कर. पोचली नाहीस तर आधी कर.

२५. गाडी ओढून काढायला ट्रॅक्टर आला तर खाली उतरून त्या माणसाशी दोन शब्द बोल, चेहरा पाडून फोनमध्ये बघत बसू नको – बहुतेक वेळा जमीनही त्याचीच असते.

२६. सोबत बसणाऱ्या मैत्रिणीला सांग, उड्या सेक्शनवरच मारायच्या, गावातल्या रस्त्यावर नाही – तुम्हाला ती तालीम वाटते, बघणाऱ्याला दोन प्यालेल्या बायका.

खाण्याच्या थांब्यांचं फार सांगत नाही, तू शहाण्या घरची आहेस. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन कॅफेत शिरायचं असेल तर बूट दाराशी झटक आणि खुर्चीवर टाकायला जुनी चादर ने. नुसतं स्वच्छतागृह वापरून निघू नको, निदान चहा घे. पहाटे चारला ज्या बाईने आपल्यासाठी अंडी तळायला चूल पेटवली, तिच्या पुढ्यात "हे आमच्या वेळेत बसत नाही" असं म्हणायची पद्धत आपल्याकडे नाही.

२७. गाडी उभी करताना इंजिनाखाली जुना ट्रे किंवा जाड प्लास्टिक सरकव – बीटल म्हटलं की तेल ठिबकणारच, आणि पब उघडल्यावर मालकाला तो डाग दिसणारच.

२८. डिकीत एक खराटा ठेव. कच्च्या वाटेवरून डांबरी रस्त्यावर आल्यावर तुझ्या चाकांनी ढेकळं टाकली तर उतरून बाजूला लोट – मागून मोटारसायकलवाला येत असेल. तुझ्या हातातला भारतीय खराटा बघून लोक हसतील, हसू दे. झाडणाऱ्याला कुणी तक्रार लिहीत नाही.

२९. घरी पोचल्यावर चाकं आणि गाडीची खालची बाजू नीट धू, आणि ती माती दुसऱ्या जंगलात नेऊ नको – नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या लार्चच्या झाडांवर २००९ मध्ये फायटोफ्थोरा नावाचा रोग सापडला. तो चिखलातूनही पसरू शकतो, आणि जंगलवाले लोक वाटा बंद करतात त्यात असली कारणं असतात.

३०. दारावरचे स्पर्धेचे आकडे त्याच रात्री काढ किंवा झाक – सोमवारी ऑफिसच्या वाटेवर तू साधी नोकरदार बाई असतेस, पण आकडे लावलेली गाडी सिग्नलवर उभी राहिली की शेजारच्या पोराला शर्यत सुचते.

३१. विमा कंपनीला आधीच सांगून ठेव, 'कळलं तर बघू' असं नको – नेहमीच्या पॉलिसीत स्पर्धा बहुधा वगळलेल्या असतात, आणि हे अपघातानंतर वाचायला मिळालं तर अक्षरं फार बारीक दिसतात.

३२. व्हिडिओ टाकायची घाई नको. टाकलासच तर चाकं फिरून चिखल उडतानाचा तुकडा काप आणि जागेचं नाव लिहू नको – तू टाकलेली वाट पुढच्या रविवारी परवानगी नसलेले दहा जण शोधत येतात, आणि शेतकरी ते क्लबाच्या खात्यावर लिहितो.

३३. कुणी खाली "हे लोक निसर्गाची वाट लावतात" असं लिहिलं तर भांडू नको, एकदाच नम्रपणे सांग की परवानगी घेऊन गेलो होतो, आणि गप्प बस – चिडलेल्याला उत्तर दिलं की दोन चिडलेले होतात.

३४. ज्याच्या जमिनीवरून गेलीस त्याला आभाराचं पत्र पाठव, छापील नको, हाताने लिहिलेलं, क्लबाच्या सचिवामार्फत – पत्ता त्यांच्याकडे असतो, आणि पुढच्या वर्षी सही मागायला जाताना त्यांच्या हातात काहीतरी असतं.

आणखी एक. क्लबाच्या वर्षातल्या तीन मोठ्या ट्रायल्सपैकी जानेवारीतली एक्सेटर आणि ईस्टरची लँड्स एंड झाल्या की ऑक्टोबरात एडिनबरा येते. नावावर जाऊ नको, ती हल्ली एडिनबराला जात नाही, डर्बीशायरच्या डोंगरांत होते. तिथे लिटन स्लॅकच्या चढावर मार्शल कमी पडतात अशी ओरड आहे. तुझं नाव मी देऊन ठेवलंय. तिथे पाऊस आडवा लागतो, म्हणून छत्री नको, वॉटरप्रूफ पँट आण, आणि चिवडा या वेळी तू कर.